तिसरं प्रूफ

रावपुऱ्यात, टॉवरच्या मागच्या गल्लीत
किरीटभाईंच्या छापखान्यात मी लग्नपत्रिका लावायचे,
गुजराती आणि मराठी, दोन्ही.
गणपतीचे सतरा नमुने माझ्या संगणकात.
तिथे एक दिवस हजरनीस सर आले
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं हस्तलिखित घेऊन:
चारशे अकरा पानं, पाठकोऱ्या कागदांवर,
मागे कुठल्या तरी वर्षाची विद्यापीठातली हजेरी.
फ्रेंचमधून मराठीत. एकोणीस वर्षं लागली, म्हणाले.
कुणासाठी, ते किरीटभाईंनी विचारलं. मी नाही.

पहिल्याच पानावर एक शब्द खोडलेला,
पण असा, की वाचता यावा.
सर, हा घ्यायचा की गाळायचा?
दोन्ही, म्हणाले.
मी रेघेसकट घेतला.

आणि मग जागोजाग: भीन्न. भीन्नता.
पहिली वेलांटी हवी तिथे दुसरी.
म्हातारा माणूस, हात कापत असेल,
शिवाय बडोद्याचं मराठी, वाऱ्याला गुजराती.
माझंही तसलंच, पण मला टिपणीसबाईंनी
ऱ्हस्वदीर्घासाठी अंगठे धरून उभं केलेलं आहे.
एक कळ दाबली.
दोनशे बारा ठिकाणी भिन्न नीट उभं राहिलं
आणि मी डबा उघडला.

पहिलं प्रूफ बघून सर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, वाच. आधी तुझं, मग माझं. मोठ्यानं.
भिन्न.
भीन्न.
ऐकू आला काही फरक?
नाही.
तिकडच्या शब्दातही एक अक्षर मुद्दाम चुकवलंय, बेन,
कानाला लागत नाही, डोळ्यालाच लागतं.
माझ्याजवळ एवढी एक वेलांटी होती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं.
घाईघाईत मी उलटी कळ दाबली
आणि जे आपले साधे भिन्न होते,
भिन्न मत, भिन्न गाव, भिन्न आडनावाची माणसं,
तेही सगळे भीन्न.
तीनशे चाळीस. कोण साधा, कोण मुद्दामचा,
ओळखू येईना.

हस्तलिखित काढलं,
तर हात खरंच कापत होता.
काही वेलांट्या डावीकडून, काही उजवीकडून,
काही नुसत्याच वर, मांजरानं शेपूट उचलावं तशा.
तीन आठवडे सर दुपारी यायचे,
निळ्या शाईनं एकेक सोडवायचे, दोन चहा प्यायचे.
पान एकशे त्रेचाळीसवर थांबले.
हा कुठला, सर?
लिहिताना ठाऊक होतं, म्हणाले.
पुसू का, मी म्हटलं,
आणि कुणाला विचारू का, की खोडरबर घेऊ का,
ते माझं मलाच कळलं नाही.
सर पहिल्यांदा हसले. समासात लिहून घेतलं: पुसू का.

तिसरं प्रूफ त्यांच्या घरी होतं, कारेलीबागेत, तळमजल्यावर,
आणि विश्वामित्री आत आली.
शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर निघाली,
वनखात्याची माणसं दोर घेऊन आली,
सगळ्यांनी त्याचेच व्हिडिओ काढले.
आठ दिवसांनी त्यांच्या बहिणीनं प्रूफ आणून दिलं,
हिंचक्याच्या कड्यांवर वाळवलेलं, पापडासारखं.
छापील अक्षर तसंच्या तसं.
निळी शाई मात्र या पानातून त्या पानात भिनलेली,
एका शब्दाची दुरुस्ती दुसऱ्याच्या अंगावर.

सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्याच महिन्यात बिघडलं.
आता ते फोनवर ऐकतात
आणि मी वाचते, पत्रिकांची गर्दी नसते तेव्हा.
काल एकशे त्रेचाळीस आलं.
मी त्या जागी काहीतरी ठेवलंय.
न अडखळता वाचलं.
पलीकडून, हं.
मग पंख्याचा आवाज.
मग, पुढे.

कुठली वेलांटी,
ते त्यांनी पुसलं नाही.