फितीचं शून्याकडचं टोक

मी शून्य धरतो.
पन्नास मीटरच्या फितीचं हे टोक,
पितळी कडी माझ्याच अंगठ्यानं झिजलेली.
दुसरं टोक ढोमणे मॅडमकडं असतं.
आकडा तिकडं उमटतो,
त्या वहीत उतरवतात,
माझ्यापर्यंत येतं फक्त,
"घट्ट धरा हो, नंदनवार!"

धरलं.
हायकोर्टाच्या पायऱ्यांशी, वकिलांच्या बुटांमधून.
कस्तुरचंद पार्कातल्या छत्रीच्या खांबाला,
तिथं झोपलेल्या माणसाला न उठवता.
रेल्वे स्टेशनच्या लालसर दगडाला दिवसभर टेकवलं
आणि रात्री वरणभात कालवताना
नखात दगडाची भुकटी निघाली.
बायको म्हणाली, "खाऊन घ्या आता,
तुमच्याइतकं स्टेशन कोण खाल्लं?"

गांधीगेटच्या कमानीत
एक ऑटोवाला फितीखालून मान काढत म्हणाला,
"कायले मोजून राह्यले बाप्पा, पडून राह्यलं का?"
"पडू नये म्हणून," मॅडम म्हणाल्या.
"मंग माह्या घरी या."

झीरो माइलवर चार घोडे
कधीचे निघायच्या पवित्र्यात.
भोवती दगडावर कोरलेली दूरदूरची गावं, त्यांचे मैल.
मी तिथंही शून्यच धरलं.
उन्हात कडी इतकी तापली
की रुमाल गुंडाळावा लागला.

शेवटच्या पानावर एम्प्रेस मिल होती.
तिथं आता मॉल आहे.
मॅडमनी पेनाचं टोपण काढलं,
उंची, रुंदी, स्थिती, तिन्ही रकान्यांवर
एकच तिरपी रेघ मारणार होत्या.
"मॅडम, जरा शून्य धरता का?"

त्यांनी धरलं. का ते विचारलं नाही.

मी दुसरं टोक घेऊन निघालो.
इथं कुठंतरी चिंच होती.
मी चिंचेखाली डबा घेऊन उभा राहायचो,
भोंगा झाला की गेटातून बाया सुटायच्या,
सगळ्यांच्या केसांत कापूस,
सगळ्या एकदम म्हाताऱ्या.
त्यातून आपली भागरता ओळखायची म्हणजे
चालीवरून.
ती उजव्या कानानं ऐकायची,
डावा साच्यांनी नेलेला.
म्हणून मी कायम तिच्या उजवीकडून चालायचो,
अजून बायकोच्याही उजवीकडूनच चालतो.

गाड्यांच्या मधून फीत ओढत गेलो.
काळ्या एसयूव्हीला वळसा,
ट्रॉलीत बसलेलं एक पोर,
पार्किंगचा पिवळा खांब.
हाताला हिसका बसला.
फीत संपली होती
आणि गेट अजून आलं नव्हतं.

"किती?" मॅडम तिकडून ओरडल्या.

आयुष्यात पहिल्यांदा आकडा माझ्या बाजूला होता.
गार्ड शिटी फुंकत येत होता,
"गाडी कुठं लावली काका?"

"घट्ट धरा मॅडम," मी म्हणालो,
"अजून मोजतो आहे."