अर्धा चमचा

डॉक्टर कंधारकरांनी टॉर्च विझवला
आणि विचारलं, "दोरा अजून दातानंच तोडूलालीस का?"
तोंड उघडं ठेवूनच मी हो म्हणाले.

बावीस वर्षं.
ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश,
मोंढ्यातल्या हमालांच्या बंड्या,
सगळ्यांचा शेवटचा टाका
माझ्या समोरच्या दातांनी तुटलेला.
कात्री आहे. पण ती नेहमी कापडाखाली असते.

काढावी लागली ती मात्र मागची दाढ.
कागदावर गोळ्यांची नावं, मला न लागणारी,
आणि खाली स्वच्छ मराठीत :
उद्यापासून. कोमट पाणी एक पेला, मीठ अर्धा चमचा,
दिवसातून तीनदा.

"जखमेवर मीठ?"
मी कापसाच्या बोळ्यामागून विचारलं.
ते हसले नाहीत.
"मीठ जंतूंच्या अंगातलं पाणी ओढून घेतं.
सुकतात."
"तहानेनं?"
"तसंच समज. सगळे नाही मरत. सूज मात्र उतरते.
आणि हे बघ, बाकीच्या किडक्या दाढा
मिठानं भरून येणार नाहीत, परत यावंच लागेल."

उदगीरात आमच्या गल्लीला
दहाव्या दिवशी नळ येतो.
त्या दिवशी सातवा होता.
पिंपात हात घातला की कोपर बुडत नाही,
तळच लागतो.
एका पेल्यात चार ताटं विसळून होतात.
मीठ दुकानात मिळतं,
पाणी कुठल्या मेडिकलात लिहून द्यायचं?

मोरीत उभी राहून चूळ भरते,
या गालातून त्या गालात,
टेपवरचे इंच मोजावेत तसे तीस आकडे मोजते.
रिकाम्या जागी झोंबतं.
डोळ्यांत पाणी येतं,
तेही खारट, तेही वाया.

आणि मधेच, अठराव्या-एकोणिसाव्या आकड्याला, वाटतं :
त्या खड्ड्यात आत्ता कुणीतरी कोरडं पडतंय.
इतकं बारीक, की त्याला नाव नाही,
रांगेत लावायला घागर नाही,
टँकरवाल्याचा नंबर नाही.
मी दिवसातून तीनदा
बोटभर मुलखात दुष्काळ पाडते
आणि वर घड्याळ बघते.

थुंकायचं कुठं?
कढीपत्त्याच्या बुडाशी नको, मुळं जळतील.
शेवटी मोरीच्या भोकात.
भिंतीपलीकडून हसीनाभाभी ओरडते,
"क्या शिंपीणबाई, पाणी लई झालं का?"
मला बोलता येत नाही,
तोंडात अजून अर्धा पेला आहे.

चौथ्या दिवशी गाल बसला.
सहाव्या दिवशी घास डावीकडं नेऊन बघितला, गेला.

आज भाभीच्याच धाकटीचा फ्रॉक.
शेवटचा टाका घातला,
हात कापडाखाली कात्री चाचपत राहिला
आणि दोरा केव्हा दातांत गेला कळलं नाही.
सुताची चव, थोडं मशीनचं तेल,
आणि मागं कुठंतरी, अजून,
मीठ.

तसाच धरून ठेवला.
कात्री सापडेस्तोवर.