रिकामं झाल्यावर

फेब्रुवारीत वायव्येचा वारा सुटला
की आमच्या खाडीत निळी पिंपं येतात.
आधी तीन-चार, मग तेरा-चौदा,
रात्रभर एकमेकांवर आपटत,
कोणी परक्याच्या घराचं दार वाजवावं तशी,
आणि घर आमचंच.

त्सुशिमाच्या या टोकावरून
हवा स्वच्छ असली तर पुसानचे दिवे दिसतात.
दिवे त्यांना, पिंपं आपल्याला,
असं कुनिएबाई म्हणते आणि हातमोजे चढवते.
एक्क्याऐंशी वर्षांची आहे. साठ वर्षं बुड्या मारून
तिने याच तळातून शिंपले काढले.
आता वाकून तेच करते,
फक्त शिंपल्यांच्या जागी लायटर.

मी वही धरतो. गुडघे गेलेत माझे,
म्हणून मला हे काम.
चाळीस वर्षं मच्छीमार सोसायटीत कारकून होतो,
रकाने आखायची सवय आहे.
त्यांचं. चीनचं. आपलं. माहीत नाही.
बाटल्या दोनशे बारा. चपला एकोणीस,
सगळ्या डाव्या. हे मात्र लिहिलं नाही,
त्याला रकाना नव्हता.
वाम पकडायची काळी नरसाळी, पोतंभर.
इंजेक्शनची सुई एक. ती तोकुजिरोने
चिमट्याने उचलली, श्वास धरून,
झोपलेल्या कोणाच्या अंगावरची माशी उचलावी तशी.

आणि थर्माकोल. तो मोजता येत नाही.
हात लावला की त्याचा भात होतो,
आणि वारा तो भात नेऊन टाकतो
बाह्यांवर, भुवयांत, डब्यात.
दुपारी जेवताना आम्ही सगळे
प्रत्येक घासाकडे जरा निरखून बघतो.

यंदा पलीकडून विद्यार्थी आले, बोटीने, अठरा जण.
त्यांतली ह्ये-रिम एका पिंपापाशी उकिडवी बसली,
बाहीने चिखल पुसला.
वर्तुळं आणि काठ्यांची ती लिपी
मी दहा वर्षं नुसती मोजत आलो होतो.
तिने वाचली:
"रिकामं झाल्यावर परत करा."

कोणी काही बोललं नाही.
मग कुनिएबाई हसली, इतकी
की तिला धरून खडकावर बसवावं लागलं.
"केलं की परत," म्हणाली, "पत्ता चुकला, एवढंच."
ह्ये-रिमही हसली, आधी मान खाली घालून,
मग वर करून.

चारच्या सुमाराला, ओहोटीत,
दोन पोरांनी खडकाच्या फटीतून एक क्रेट ओढून काढली.
पिवळी. उन्हाने विटलेली. एक कोपरा तुटका.
"आपली का रे?" तोकुजिरोने लांबूनच विचारलं
आणि आकडा वाचायला चष्मा शोधू लागला.
मला चष्मा लागला नाही.
सत्तावीस. साताची शेपटी वाकडी,
कारण रंगवताना मला शिंक आली होती.

रजिस्टरात मी लिहिलं होतं, वादळात वाहून गेली.
वादळ नव्हतं. संध्याकाळ होती.
क्रेट तुटलेली, कचऱ्याचा डेपो दीड किलोमीटर लांब,
धक्क्याची कड पायाशी.
पायानेच ढकलली. समुद्र काय, घेतो तो,
असं वाटायचं. वडिलांनाही वाटायचं,
पण ते टाकायचे लाकूड, काथ्या, माशांची डोकी.

पेन्सिल हातात. चार रकाने.
'माहीत नाही' सगळ्यांत लांब, पान उलटून गेलेला,
त्यात आणखी एक वाढलं तर कोणाला कळणार.
कुनिएबाई समोर पाण्याची बाटली उघडत होती.
माझ्याकडे बघत नव्हती.
जरा जास्तच बघत नव्हती.

मी 'आपलं' खोडलं. वर 'माझं' लिहिलं.
अक्षर फार मोठं आलं,
शाळेतल्या पोराने काढल्यासारखं.
राहू दिलं.

ट्रक आला. पिंपं गेली, पोती गेली.
क्रेट मी घरी आणली. तिच्यात आता
हातमोजे असतात, चिमटे, आणि ही वही.

रात्री वारा पुन्हा फिरला.
अंथरुणात पडून ऐकतोय.
एक.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दोन.