दुसरं टोक

लॅम रोडला होशंग बिलिमोरियाच्या सायकल दुकानावर
एक खोली आहे, पंक्चरच्या सोल्युशनच्या वासाची.
शुक्रवारी रात्री साडेआठला
आम्ही तिथे युद्धं बघतो.

भिंतीवर ताणलेला पांढरा पलंगपोस,
उजव्या कोपऱ्यात रफू.
वाळवंट असो, बर्फ असो, भाताची शेतं असोत,
कुठल्याही देशाच्या आभाळात
रफू त्याच जागी.

होशंगला मध्यंतर लागतंच,
मूळ सिनेमात नसलं तरी.
ऐन चढाईत तो दिवा लावतो
आणि खंदकातली पोरं तोंडं वासून थांबतात
आमचा चिवडा संपेपर्यंत.

अरिंगळे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त.
चाळीस वर्षं कोऱ्या गड्ड्या मोजल्या,
आता मेलेले मोजतो.
"हा तिसऱ्यांदा पडला बघ.
मघाशी मिशी होती याला."
नलू धात्रक बिटकोतली नर्स, रात्रपाळीआधी येते.
रक्त एवढा वेळ लाल राहत नाही, म्हणते.
पोटात गोळी लागलेला एवढं बोलत नाही,
पाणी मागतो फक्त,
आणि नेमकं तेच द्यायचं नसतं.

माझ्याकडे वही. पाचपैकी किती तारे,
कुणाचं म्हणणं काय, कोण रुसून गेलं.
एका पाणबुडीवरून होशंग आणि अरिंगळे
अख्खा पावसाळा बोलत नव्हते.

गांगुर्डेंच्या नावापुढे वहीत काही नाही.
तोफखान्यातले सुभेदार,
डावा कान द्रासला राहिला.
भिंतीला लागून बसतात, उजवा कान आमच्याकडे.
"सुभेदार, असं असतं का हो खरं?"
"बघू," म्हणतात.
सहा वर्षं बघू.

परवाचा सिनेमा अगदीच सुमार.
एक गाव, एक विहीर, बाई शेणानं अंगण सारवतेय,
वर शीळ वाजते, आणि धडाम.
पेट्रोलचा केशरी भडका,
दोन माणसं कोलांट्या मारत हवेत.
"खाली गादी आहे," अरिंगळे म्हणाला.
आम्ही खो खो हसलो.

"मागे घे."
आवाज गांगुर्डेंचा, हे कळायलाच वेळ लागला.
होशंगनं मागे घेतलं.
माणसं हवेतून उतरली, भडका जमिनीत शिरला,
बाईचा हात पुन्हा अंगणावर.
"परत."
तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

मग ते पडद्याकडे बघतच बोलले:
आम्ही डोंगराच्या अलीकडे.
तोफ तोंड वर करून.
आकडे यायचे, तेवढी फिरवायची, भरायची,
कान दाबायचे. दाबले तर.
पलीकडून वायरलेसवर एकच शब्द यायचा,
बरोबर.
चहा प्यायचो. पुढचे आकडे.
अडीच महिने, मोजले नाहीत किती.
आणि मी एकदाही पाहिलं नाही
कुठं पडतं ते.

थांबले. टोपी मांडीवर उलटी केली.
"म्हणून येतो इथं.
कुणीतरी नीट दाखवेल असं वाटतं."

पलंगपोसावर बाई थांबलेली,
रफू तिच्या डोक्यावर.
नलूला काही बोलायचं होतं, दिसत होतं,
पण तिनं घड्याळ पाहिलं आणि पर्स उचलली.
जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला,
ड्यूटीवर ठेवते तसा, नाडी बघितल्यासारखा.

मी वही उघडली.
सिनेमाचं नाव लिहिलं.
तारे कुणी सांगितले नाहीत.

सकाळी रेंजवर सराव होता,
देवळालीत काय नवीन.
तावदानं थरथरली, कपाटातल्या कपबशा बोलल्या,
गॅसवरचं दूध सोडून कुणी वळून पाहत नाही.
कोपऱ्यावर अरिंगळे दिसला, पिशवीत मेथी,
सवयीनं बोटांवर मोजत: चार, पाच, सहा.
मग हात खिशात घातला
आणि तिकडच्या टेकड्यांकडे बघत उभा राहिला.
तिथून काहीच दिसत नाही.