हातचा

हेलसिंकीच्या दुकानातला पोरगा ल्युमेन सांगत होता,
लिलावात बोली चढवावी तसा:
हजार, दोन हजार, साडेतीन.
मी विचारलं, जाड मोज्यातून लागतो का?
तो थांबला.
चार अंशांचं पाणी, मोज्यात बधिर झालेली बोटं,
आणि ते गुळगुळीत बटण:
एकदा दाबलं की मंद, धरून ठेवलं की प्रखर,
तीनदा दाबलं की लुकलुक.
एवढा हिशेब मला
स्वयंपाकघरात उभं राहूनही जमत नाही.

परत आले.
ड्रॉवरातून आउलिसचा जुना टॉर्च काढला.
ॲल्युमिनियमचा, गाजराएवढा.
डोकं पिळलं की लागतो, उलटं पिळलं की विझतो.
यापलीकडे त्याला काही कळत नाही.
आत बल्ब, उजेड पातळ चहासारखा:
खाणीच्या दुसऱ्या मजल्यावर
स्वतःचा हात दिसायचा, भिंत नाही.
“हा काय उजेड पाडणार,” रेयो म्हणाला.
बरोबर होतं त्याचं.

(आउलिस गेला तो घरी, झोपेत, जुलैमध्ये.
पाण्यात नाही. लोक उगाच तसा चेहरा करतात.)

एकतीस वर्षं लेथवर उभी आहे मी.
तांब्याची चकती कातली, नाण्याएवढी.
तिच्यावर एलईडी बसवला, मसुरीएवढा.
तांबं कशाला, तर ताप ओढून घ्यायला.
एवढ्याशा जिवालाही अंगातली आग
बाहेर काढून द्यावी लागते,
नाहीतर तो आपल्याच उजेडाने करपतो.

झोत अरुंद ठेवला.
रुंद झोत मासे बघायला बरा.
आमच्या बुडालेल्या खाणीत मासे नाहीत.
शिड्या आहेत, चाक निखळलेली एक ढकलगाडी आहे,
भिंतीवर रंगवलेले आकडे आहेत, कशाचे ते आता कुणाला माहीत नाही.
आणि गाळ. पंखाचा एक चुकीचा फटका,
की रुंद उजेड धुक्यातल्या हेडलाइटसारखा
आपल्याच तोंडावर परत येतो.
सुईसारखा हवा.
गाळातून जाऊन दोरीवर पडणारा.

मग रबरी रिंग, बाहुलीच्या बांगडीएवढी.
डोळ्यांत तेल घालून तिला ग्रीस लावते.
एक केस, एकच, आडवा राहिला
की तीस मीटरवर पाणी आत.
केसाने गळा कापतात तो असा.
माझे आता पांढरे झालेत, काळ्या रिंगवर दिसतात तरी.

शाळेत बेरीज करताना म्हणायचो, हातचा एक.
बोटावर धरून ठेवायचा,
उत्तरात तोंड दाखवायचा नाही.
तसा हा.
मोठा दिवा कमरेला, दुसरा डाव्या खांद्याला,
हा उजव्या, रबराच्या पट्ट्यात कोंबलेला.
याची वेळ येऊ नये
यासाठीच हा असतो.

तीन हिवाळे झाले, एकशे चौदा बुड्या.
दर वेळी बर्फात कापलेल्या भोकाशी बसून
डोकं पिळून विचारते: आहेस?
आहे.
उलटं पिळते.
खाली एकदाही नाही.

गेल्या फेब्रुवारीत वर आलो तेव्हा अंधारलं होतं.
उणे बावीस. रेयोच्या हातून गाडीची चावी निसटली,
भुसभुशीत बर्फात, आवाजही न करता.
फोन गारठून बंद. मोठे दिवे आधीच पेटीत, पेटी गाडीत.
मी खांद्यावरून हा उपसला, पिळला.
रेयो गुडघ्यांवर. “जरा डावीकडे. नाही, चाकाखाली.
तुओवी, हात हलवू नकोस.”
बर्फावर एक पांढरं छिद्र सरकत राहिलं.
चावी त्यात आली.
“पाडला की उजेड,” तो म्हणाला,
आणि गाडी चालू करून आम्ही
हीटरसमोर हात धरून बसलो.

घरी आल्यावर ओला सूटही टांगला नव्हता,
आधी सेल बदलला.
अकरा मिनिटं खर्ची पडली होती
हातच्यातली.