एकूण, एकोण

रास अल खैमात, रंगाचा वास अजून न गेलेल्या हॉलमध्ये
आम्ही अकरा जण पैसे नसलेला जुगार शिकतो.
चिपांवर आकडे आहेत, किंमत नाही.
खिडकीबाहेर एसीचं पाणी पेंटच्या डब्यात ठिबकतं,
त्यापलीकडे क्रेन, त्यापलीकडे समुद्र.
हाच वळसा घेत वेंगुर्ल्याला लागतो,
असं मी स्वतःला सांगते.

रोवेना म्हणते, रक्कम बोल. पूर्ण बोल.
'अजून चारशे' नाही. 'एकूण बाराशे.'
टेबलाच्या टोकाला बसलेल्याला, ज्याला चिपा दिसतच नाहीत,
त्यालाही तेवढंच कळलं पाहिजे
जेवढं तुझ्या कोपराशी बसलेल्याला.
आणि आवाज?
ती टेबलावरचा ग्लास दाखवते.
ह्यातल्या पाण्यासारखा. काठोकाठ, पण हलत नाही.

माझा हलतो.
बंदरावर लिलाव पुकारणाऱ्याची मुलगी मी.
सुरमईची टोपली पुढ्यात ओढून
बाबा साडेसातशे म्हणत तेव्हा
ते साडेसातशे नसत,
आठशेला मारलेली हाक असे.
कुणाची पापणी लवली, पन्नास.
कुणी नुसती मान खाजवली, तरी पन्नास.
खाजवणारा शिव्या देत मासे घेऊन जाई.

'तू रक्कम सांगत नाहीस,' रोवेना म्हणते,
'विकतेस.'

बोटं मात्र शिकली.
वीसचा गठ्ठा पाच-पाच करून कापतात,
उरलेल्या चिपा बाजूला पसरतात,
मग हात उलटे करून रिकामे दाखवायचे:
छताला, कॅमेऱ्याला, देवाला.
तोंडात इंग्रजी, बोटांत मराठी.
पहिल्या गठ्ठ्याला मी ओठांच्या आत
'एक' नाही, 'लाभ' म्हणते,
आई भात मापताना म्हणते तसं.
हे रोवेनाला ठाऊक नाही.

आणखी एक अडचण तिला कशी सांगू?
आमच्याकडे एकोणतीस म्हणताना
तीस आधीच येऊन बसलेले असतात.
नऊशी पोचलं की भाषा पुढचं घर बघते,
एकच कमी, एकच कमी, म्हणून हळहळते.
डीलरने हळहळायचं नाही.

बुधवारी लेवानने होत्या नव्हत्या तेवढ्या चिपा पुढे लोटल्या.
'ऑल इन,' मी म्हटलं,
आणि मोजायला हात घातला.
मनगटावर रोवेनाचं पेन आलं.
'कुणी विचारलं?'
डोल्मा पत्त्यांकडे बघत होती. तिने विचारलं नव्हतं.
'ढीग दिसतोय तिला. ढिगाएवढी भीती वाटू दे.
आकडा हवा असेल तर मागेल.
मागितला की मोज, दोनदा मोज, चुकू नकोस.
न मागता मोजलास
तर तिच्या वतीने तूच खेळलीस.'

डोल्माने पत्ते टाकले.
ढिगात किती होते, कुणालाच कळलं नाही.
मला अजून हुरहुर आहे.

रात्री खालच्या बंकवर फोन.
आई बोलते: नळाला नवी तोटी,
शेजारच्या सुषम्याचं बाळंतपण, मांजर.
किती महिने, हे कधीच विचारत नाही.
विचारत नाही म्हणून मी मोजत नाही,
म्हणजे मोजलेले असतात, बोलत नाही.

आज मध्येच बाबांनी फोन ओढून घेतला.
'एकूण किती गो?'

काठोकाठ, न हलता,
मी म्हटलं, 'एकूण चोवीस.'

'आनी रवले?'

'एकोणीस.'

त्यात वीस येऊन बसलेच.
पलीकडे पंखा ऐकू आला, आईने भांडं ठेवलेलं ऐकू आलं.
मग त्यांचा तो आवाज, बंदराचा, पण हळू,
टोपलीवर कुणाचाच डोळा नसल्यासारखा:

'एक वार.'

'दोन वार.'

मी कान लावून बसले.
तिसरा त्यांनी पुकारला नाही.