तिसरा गिअर

कुर्ल्यात, रात्री साडेअकरा.
बोनेटखाली मी आणि पास्कलकाका.
त्यांच्या दातांत टॉर्च,
म्हणून शिव्या अस्पष्ट.

एकोणऐंशीची फियाट.
कार्ब्युरेटर चौथ्यांदा उघडलाय.
तिसरा गिअर तिला पटत नाही:
दुसऱ्यातून थेट चौथ्यात उडी,
मधे आपण श्वास धरायचा.

रविवारी वडाळ्याच्या मैदानात
पहिल्याच ड्रमाला वळताना दार उघडलं.
एका हातात दार, एका हातात स्टिअरिंग,
गिअरला हात उरला नाही.
अख्खी फेरी दुसऱ्यात, बोंबलत.

एकवीस गाड्यांत सतरावा.
काकांनी घड्याळ दाखवलं,
मागच्यापेक्षा चार सेकंद कमी!
“दार उघडंच ठेव रे,” म्हणाले.

सोमवारी काउंटरवर
मी मोजून दिलेल्या नोटा
एका बाईंनी नाकाशी नेल्या,
पुन्हा मोजल्या.